छोट्या कुत्र्याला फिरायला यायचंच नसतं तेव्हा: वसंतात त्याला बाहेर कसं काढायचं

पट्टा हातात घेतला की पलंगाखाली पळणारा, कसाबसा लिफ्टपर्यंत येऊन गेटपाशी चारही पाय रोवून बसणारा, नाहीतर रस्त्यावर चार पावलं टाकून सरळ घराकडे तोंड फिरवणारा छोटा कुत्रा तुमच्याकडे असेल तर हे सगळं तुमच्यासाठी लिहितेय. लोक म्हणतात लाडावलाय, हट्टी आहे, ओढा जरा, येईल मागून. कृपा करून ओढू नका. सहा-सात किलोच्या जिवाला ओढत नेणं सोपं असतं आणि म्हणूनच छोट्या कुत्र्यांच्या बाबतीत ते सर्रास होतं, लॅब्रॅडॉर बसला तर माणूस विचार करतो की हा का बसला, पॉम म्हणजे पॉमेरेनियन बसला तर सरळ उचलतो नाहीतर फरफटवतो. बसणारा कुत्रा काहीतरी सांगत असतो आणि ते काय आहे हे कळलं की निम्मं काम झालं.

मी पुण्यात राहते, त्यामुळे इथल्या हवेचा हिशोब धरून सांगते, पण मुंबई, नाशिक, नागपूर कुठेही असाल तरी वेळा थोड्या मागेपुढे करून हेच चालेल. नवीन सुरुवात करायला फेब्रुवारीच्या मध्यापासून एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यापर्यंतचा काळ फार चांगला. थंडी ओसरलेली असते, सकाळ अजून गार असते, पावसाचा चिखल नाही, फटाक्यांची दिवाळी मागे पडलेली. शिवाय कडुनिंब-पिंपळाला नवी पालवी, खाली वाळक्या पानांचा सडा, आंब्याला मोहोर, आणि त्या सगळ्याचे वास. ज्या कुत्र्याला रस्ता नकोसा वाटतो त्यालासुद्धा नाक असतंच, आणि या दिवसांत नाकाला भरपूर काम असतं. फक्त ही संधी लांबत नाही, एप्रिल निम्मा सरला की सकाळचे आठसुद्धा तापायला लागतात.

आधी दुखत नाही ना ते बघा

ट्रेनिंगच्या आधी डॉक्टर, यात तडजोड नको. छोट्या जातींमध्ये काही दुखणी इतकी कॉमन आहेत की "चालायला नको म्हणतो" हे त्यांचं पहिलं लक्षण असू शकतं. गुडघ्याची वाटी सरकणं हे त्यातलं सगळ्यात नेहमीचं, चालता चालता मागचा एक पाय उचलून दोन-चार उड्या मारतो आणि मग काही झालंच नाही अशा थाटात परत नीट चालतो, हे दिसलं तर व्हिडिओ काढून ठेवा कारण दवाखान्यात गेल्यावर नेमका तो नीट चालणार. डॅशहुंडसारख्या लांब पाठीच्या कुत्र्याला मणक्याचा त्रास होतो, त्याला जिने चढायला-उतरायला लावू नका, पाठ आखडून उभा राहत असेल किंवा उचलताना कळवळत असेल तर फिरणं बंद आणि त्याच दिवशी डॉक्टर. पॉम आणि यॉर्की म्हणजे यॉर्कशायर टेरियर यांच्यात श्वासनलिका नाजूक असते, गळ्यातला पट्टा ओढला गेला की कोरडा, घोगरा खोकला येतो. पग आणि शित्झू चपट्या तोंडाचे, त्यांना दम लवकर लागतो. म्हातारा कुत्रा असेल तर हृदय, सांधे आणि डोळे तपासून घ्या, मोतीबिंदू झालेला कुत्रा संध्याकाळी बाहेर पडायला घाबरतो आणि सकाळी आरामात येतो, हा फरक घरच्यांच्या लक्षात लवकर येत नाही.

नखं पण बघा. फरशीवर चालताना टकटक आवाज येत असेल तर नखं वाढलीत, प्रत्येक पावलाला ती वर दाबली जातात आणि डांबरी रस्त्यावर ते जास्त जाणवतं. कित्येक घरकोंबड्या कुत्र्यांचं निम्मं दुखणं नखांतच असतं.

पिल्लू असेल तर लसींचं वेळापत्रक आधी. सहा ते आठ आठवड्यांपासून सुरू होऊन साधारण सोळाव्या आठवड्यापर्यंत दर तीन-चार आठवड्यांनी डोस, रेबीजची लस तीन महिन्यांच्या सुमाराला. डॉक्टर हो म्हणेपर्यंत रस्त्यावर सोडू नका, पार्व्हो हा पिल्लांना होणारा, उलट्या-जुलाबांचा भयानक संसर्गजन्य आजार आहे. पण म्हणून घरात कोंडूनही ठेवू नका. तीन आठवड्यांपासून साधारण तीन महिन्यांपर्यंतचा काळ पिल्लाला जगाची ओळख व्हायचा सगळ्यात मोलाचा काळ असतो, कडेवर घेऊन खाली जा, गेटपाशी उभे राहा, रिक्षा, सायकल, शाळेची मुलं, झाडूवाले काका सगळं कडेवरून दाखवा. ज्यांना हा काळ मिळालाच नाही असे कुत्रे मोठेपणी रस्त्याला घाबरतात आणि बाहेर न येणाऱ्यांमध्ये त्यांची संख्या भरपूर असते. आमची ठमी त्यातलीच. ठमी म्हणजे आपल्याकडे सगळे ज्याला पॉम म्हणतात तो इंडियन स्पिट्झ, आमच्याकडे आली तेव्हा मोठी होती आणि त्याआधी ती कायम एका गच्चीवरच राहिलेली.

काय काय लागेल

हार्नेस म्हणजे छातीभोवती घालायचा पट्टा घ्या, गळ्यातल्या पट्ट्याला लीश, म्हणजे हातात धरायची दोरी, लावू नका. छातीवर इंग्रजी वाय सारखा आकार येणारा, खांदे मोकळे सोडणारा हार्नेस बरा, छातीवरून आडवी पट्टी जाणारा पाऊल टाकताना अडतो. पुढच्या पायांच्या मागे छातीचा घेर टेपने मोजा आणि मगच ऑर्डर करा, घातल्यावर पट्टीखाली दोन बोटं सहज जायला हवीत. फार सैल झाला तर घाबरलेला कुत्रा मागे सरकत सरकत त्यातून निसटतो आणि रस्त्यावर निसटलेला घाबरट कुत्रा ही सगळ्यात वाईट गोष्ट आहे, म्हणून गळ्यात नाव आणि फोन नंबरचा बिल्ला असलेला पट्टा वेगळा राहू द्या, तो फक्त ओळखीसाठी.

लीश साधी, कापडी, पाच-सहा फुटांची आणि हलकी. बटण दाबलं की गुंडाळणारी लीश घेऊ नका, तिची ती प्लॅस्टिकची मूठ हातातून सुटली की खडखडत कुत्र्याच्या मागे पळते, तो अजून जोरात पळतो, आणि पुढे कित्येक दिवस लीश दिसली तरी थरथरतो. साखळी पण नको, वजन आणि आवाज दोन्ही.

खाऊ हा यातला खरा खर्च. बिस्किटावर घाबरलेला कुत्रा रस्ता चालत नाही. उकडलेलं चिकन, पनीर, उकडलेल्या अंड्याचा पांढरा भाग, जे त्याला जीव टाकण्याइतकं आवडतं आणि जे घरात एरवी मिळत नाही ते. हरभऱ्याच्या डाळीएवढे तुकडे करा, बारीकच, कारण छोट्या कुत्र्याचं पोट छोटं असतं आणि दिवसाच्या खाण्याच्या दहाव्या हिश्शापेक्षा जास्त खाऊ नको. कांदा-लसूण घातलेलं काही नको, द्राक्षं आणि बेदाणे तर अजिबात नकोत, त्याने किडनी जाते, आणि या दिवसांत द्राक्षांचा सीझन असल्याने घराघरात द्राक्षं असतात म्हणून मुद्दाम सांगतेय. पाण्याची बाटली, पसरट वाटी आणि शी उचलायच्या पिशव्या. झालं.

घरात, दार न उघडता

पहिले काही दिवस बाहेर जायचंच नाही. हार्नेस जमिनीवर ठेवा, त्याच्या आजूबाजूला खाऊ टाका, वास घेऊ द्या. मग हार्नेसचं भोक हातात धरून पलीकडून खाऊ दाखवा, डोकं स्वतःहून आत घातलं की खाऊ. तुम्ही त्याच्या डोक्यावर हार्नेस चढवायचा नाही, तो आत शिरला पाहिजे. क्लिपचा टक आवाज आधी लांबून ऐकवा, टक आणि खाऊ, टक आणि खाऊ. मग घालून दोन मिनिटं, जेवताना पाच मिनिटं, खेळताना दहा. हार्नेस घातल्यावर पुतळा होऊन उभा राहणारे कुत्रे असतात, ते याच पायरीवर सुटतात आणि बरेच जण ही पायरी गाळतात.

त्यानंतर लीश लावून हॉलमध्ये फिरा. इथे एक गोष्ट त्याला शिकवायची, लीशचा हलका ताण जाणवला की त्या दिशेला एक पाऊल टाकलं तर ताण जातो आणि खाऊ येतो. ताण इतका हलका की दोन बोटांत लीश धरलीय आणि तुम्ही नुसते उभे आहात, ओढत नाही आहात. कुत्र्याला ओढलं की त्याचं शरीर आपोआप उलट बाजूला जोर लावतं, म्हणून ओढून काहीच साध्य होत नाही.

आणि एक खेळ शिकवा, हा पुढे फार उपयोगी पडतो. चालता चालता मोठ्याने "एक, दोन, तीन" म्हणा आणि "तीन"ला खाऊ तुमच्या पायापाशी द्या. त्याने काहीही करायची गरज नाही. तीन म्हटलं की खाऊ येणारच. थोड्या दिवसांत "एक" ऐकलं की तो मान वर करून तुमच्याकडे यायला लागेल. भेदरलेल्या जिवाला पुढे काय होणार हे माहीत असणं फार मोठा आधार असतो.

दार, लिफ्ट, गेट

आता घरापासून गेटपर्यंतच्या वाटेचे तुकडे करा. दारात बसून खाऊ, आज एवढंच. पॅसेजमध्ये दोन चकरा. लिफ्ट ही खूप कुत्र्यांची मोठी अडचण, जमीन हलते, आवाज येतो, दार उघडलं की समोर अनोळखी पाय. दुपारी रिकामी असताना नुसती दारं उघडी ठेवून आत-बाहेर करा. छोट्या कुत्र्याला कडेवर घेऊन उतरलात तरी काही बिघडत नाही, लिफ्टची भीती हा वेगळा विषय आहे आणि एका वेळी एकच भीती घ्यायची.

गेटपाशी वॉचमनकाकांशी बोलून ठेवा. बहुतेक वॉचमन प्रेमळ असतात आणि प्रेमानेच वाकून डोक्यावर हात ठेवायला येतात, घाबरट कुत्र्याला नेमकं तेच सहन होत नाही. त्यांना सांगा की बघू नका, बोलू नका, फक्त हा खाऊ त्याच्या बाजूला जमिनीवर टाका. आठवड्याभरात तो स्वतःच त्यांच्या खुर्चीकडे ओढ घेईल.

बाहेर नेताना उचला, घरी येताना चालवा

ज्यांचा कुत्रा घरापासून लांब जायला तयार नाही पण घराकडे मात्र धावत सुटतो, त्यांनी एवढी एक गोष्ट केली तरी खूप फरक पडेल. त्याला उचलून गेटपासून पन्नास-शंभर पावलांवर न्या, शांत जागा बघून खाली ठेवा, दोन मिनिटं वास घेऊ द्या आणि मग घराकडे चाला. घर त्याच्यासाठी बक्षीसच आहे, तर ते बक्षीस चालण्याला जोडा. हळूहळू अंतर वाढवा. रस्त्याची ती बाजू ओळखीची झाली की एक दिवस जाताना तो स्वतःच चालायला मागेल.

गेटबाहेर लगेच मोठा रस्ता असेल तर सरळ रिक्षाने किंवा गाडीने शांत जागी न्या. बागेत पाळीव प्राण्यांना परवानगी आहे का ते आधी विचारा, बऱ्याच बागांत नसते. टेकडीचा पायथा, कॉलनीतला आतला रस्ता, सुट्टीच्या दिवशी रिकामं पडलेलं मैदान, असं काहीही चालेल. स्कूटरवर पायात बसवून नेऊ नका.

तो थांबला. आता?

खरं काम इथे आहे म्हणून जरा सावकाश सांगते. आमच्याकडे सकाळी घंटागाडी येते, गाणं वाजवत, आणि ते गाणं दोन गल्ल्या पलीकडे सुरू झालं की ठमीचे कान आधी मागे जातात. उघडं असलेलं तोंड बंद होतं. मग एकदा जीभ नाकावरून फिरते, भूक नसताना. मग उजवा पुढचा पाय जमिनीपासून अर्धा वर उचललेला राहतो. शेपूट, जी स्पिट्झची पाठीवर गोल वळलेली असते, ती सुटून खाली येते. हे सगळं दहा-बारा सेकंदांत होतं आणि यानंतरच ती बसते. लोकांना फक्त ते शेवटचं बसणं दिसतं. तुम्ही कान मागे गेले तिथेच पकडलंत तर बसायची वेळच येत नाही. जांभई, अंग झटकणं, डोळ्यांचा पांढरा भाग दिसणं, गारव्यातही धापा टाकणं, एकाएकी जमीन हुंगायला लागणं, हे सगळं "मला हे झेपत नाहीये" याच घरातलं. प्रत्येक कुत्र्याचा क्रम वेगळा असतो, तुमच्या कुत्र्याचा पाठ करा.

मग करायचं काय, तर पहिलं म्हणजे तुम्ही थांबा. लीश सैल. त्याच्यासमोर उभं राहून वाकू नका, बाजूला उकिडवे बसा, पाठ त्याच्याकडे थोडी. खाऊचे चार-पाच तुकडे गवतात किंवा वाळक्या पानांत विखरून टाका. हुंगत हुंगत शोधायला लागला तर उत्तम, नाक चाललं की श्वास खाली येतो आणि अंग सैल होतं. खाल्ल्यावर दोन पावलं मागे, म्हणजे ज्या गोष्टीला घाबरला तिच्यापासून लांब, आणि तिथून ती गोष्ट बघू द्या. बघितलं की खाऊ. परत बघितलं, परत खाऊ. घंटागाडीचं गाणं म्हणजे पनीर, हे समीकरण त्याच्या मनात बसलं पाहिजे, आणि क्रम महत्त्वाचा, आधी गाणं मग पनीर. उलटं केलंत तर पनीर दिसलं की त्याला धोक्याची घंटा वाटायला लागेल.

चिकन समोर धरलं आणि एरवी बोटं चाटणारा तुमचा कुत्रा ते बघतसुद्धा नसेल तर तो भीतीच्या फार पुढे गेलाय, आता काही शिकवायचं नाही, शांतपणे उचला किंवा मागे फिरा आणि लांब जा. आणि नाकासमोर खाऊ नाचवत नाचवत त्याला घाबरलेल्या जागेतून पुढे नेऊ नका. तो येईल, खाऊच्या मागे येईल, आणि खाऊ संपल्यावर वर बघेल तर त्याच घंटागाडीच्या शेजारी उभा असेल. पुढच्या वेळी खाऊवरचासुद्धा विश्वास जातो. खाऊ त्याने स्वतः पाऊल टाकल्यानंतर द्यायचा, पाऊल टाकण्यासाठी आमिष म्हणून नाही.

घाबरलेल्याला जवळ घेतलं तर भीती वाढते असं बरेच जण सांगतात, ते मनावर घेऊ नका. तो तुमच्या पायाला चिकटला तर चिकटू द्या, हात ठेवा. भीती ही वागणूक नाही, भावना आहे, आणि आधार दिल्याने ती वाढत नाही.

किती चालायचं

दहा मिनिटं. त्यातली आठ एकाच झाडाच्या बुंध्याशी गेली तरी चालेल. छोट्या कुत्र्याला दिवसाकाठी किती किलोमीटर हवेत याची चिंता सुरुवातीला अजिबात नको, त्याला एका दिव्याच्या खांबाचा पूर्ण वास घेऊ देणं हे लगबगीने घातलेल्या मोठ्या चकरेपेक्षा जास्त थकवतं आणि जास्त खूश करतं. रस्ता रोज तोच ठेवा, वेळ तीच ठेवा. एखाद्या दिवशी घंटागाडी, मग फुटलेला सायलेन्सर, मग अंगावर धावून आलेलं कुत्रं असं एकामागून एक झालं तर दुसऱ्या दिवशी सुट्टी द्या, घरातच टॉवेलमध्ये खाऊ गुंडाळून शोधायला लावा, कारण त्या ताणाचा परिणाम शरीरातून उतरायला वेळ लागतो.

घरातल्या सगळ्यांनी एकच पद्धत ठेवली पाहिजे. तुम्ही आठवडाभर सैल लीशने चालवायचं आणि रविवारी बाबांनी "चल, नाटकं नकोत" म्हणून ओढायचं, असं केलं तर सगळं पाण्यात. आणि रस्त्यावर लहान मुलं "काकू हात लावू?" म्हणून धावत येतात त्यांना प्रेमाने पण स्पष्ट सांगा की ती घाबरते, लांबूनच बाय करा. मुलं ऐकतात हो, मोठी माणसंच ऐकत नाहीत, तेव्हा सरळ मध्ये उभे राहा.

गल्लीतली कुत्री

आपल्याकडे कुत्रा फिरवण्याबद्दल लिहायचं आणि याबद्दल लिहायचं नाही असं होऊच शकत नाही. गल्लीतल्या कुत्र्यांची पिल्लं बहुतेक हिवाळ्याच्या सुरुवातीला होतात, त्यामुळे फेब्रुवारी-मार्चमध्ये ती दोन-तीन महिन्यांची होऊन रस्त्यावर हुंदडत असतात आणि त्यांची आई डोळ्यांत तेल घालून राखत असते. पिल्लं कुठल्या गाडीखाली, कुठल्या बांधकामाच्या वाळूत आहेत हे आधी एकट्याने फिरून बघून घ्या आणि तो भाग टाळा. गल्लीत कुत्र्यांना खायला घालणारी व्यक्ती असतेच, तिच्याशी ओळख करा, कोणता कुत्रा तापट, कोणता नुसताच भुंकतो, सगळं तिला माहीत असतं.

तरी आलंच अंगावर, तर पळू नका, ओरडू नका. तुमचा कुत्रा तुमच्या मागे, तुम्ही मध्ये, तोंड त्या कुत्र्याकडे, आणि खिशातली मूठभर बिस्किटं त्याच्या बाजूला, तुमच्यापासून लांब फेका. छोट्या कुत्र्याला उचलायचं असेल तर लांबून दिसल्या दिसल्या शांतपणे उचला, शेवटच्या क्षणी झपकन उचललं की खालचं कुत्रं उडी मारतं आणि चावा तुमच्या हाताला बसतो. चावा किंवा नुसता दातांचा ओरखडा, काहीही झालं तरी जखम साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं धुवा आणि लगेच डॉक्टर, माणसालाही आणि कुत्र्यालाही. तुमची कुत्री मादी असेल, नसबंदी झालेली नसेल आणि माजावर असेल तर त्या दिवसांत तिला रस्त्यावर नेऊच नका.

वसंतातल्या खास गोष्टी

ऊन आधी. मार्चच्या मध्यात पुण्यात सूर्य पावणेसातच्या आसपास उगवतो, एप्रिलअखेर सहा-सव्वासहाला, तुमची वेळ तशी अलीकडे सरकवत न्या आणि उगवल्यापासून तासाभरात घरी या. संध्याकाळी सूर्य मावळला तरी डांबर तापलेलंच असतं. हाताची मागची बाजू रस्त्यावर सात सेकंद ठेवून बघा, ठेववली नाही तर तिथे कुत्र्याचे पाय ठेवायचे नाहीत. छोट्या कुत्र्याचं पोट जमिनीपासून वीतभर उंचीवर असतं त्यामुळे वरून ऊन आणि खालून रस्त्याची धग, दोन्ही त्याला लागतात, आणि कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, तो मुख्यतः धापा टाकूनच अंग गार करतो. लाळ घट्ट झाली, हिरड्या लालभडक झाल्या, झोकांड्या जायला लागल्या तर सावलीत घ्या, साधं पाणी अंगावर ओता, बर्फाचं नको, वारा घाला आणि तसंच दवाखान्यात न्या. "संध्याकाळी यायला नको म्हणतो" या तक्रारीचं कारण कित्येकदा तापलेला रस्ता एवढंच असतं. आणि उन्हाळा आला म्हणून स्पिट्झ किंवा पॉमचे केस मशिनने उतरवू नका, तो कोट उन्हापासून राखतो, रोज विंचरून सुटलेली लव काढा, एवढं पुरे.

टेकडीवर जात असाल तर कुसळं. वेताळ टेकडी, तळजाई, सगळीकडे गवत या दिवसांत वाळलेलं असतं आणि त्याची कुसळं केसांत अडकून बोटांच्या मधल्या कातडीत, कानात, पापणीखाली घुसतात. एकदम डोकं झटकायला लागला, एका बाजूला मान तिरकी धरली, किंवा एक पंजा सतत चाटत बसला तर कुसळ असू शकतं, कानातलं स्वतः काढायला जाऊ नका. मळलेल्या पायवाटेनेच चाला आणि लीश सोडू नका.

फुलांच्या सड्यात मधमाशा असतात, काटेसावर आणि पांगाऱ्याची गळलेली फुलं हुंगायला जाऊन नाकाला डंख बसतो. तोंड सुजलं तर वाट बघू नका. सोसायटीच्या कडेला लावलेली कण्हेर, लाल, पांढरी, पिवळी सगळीच विषारी, तिची पानं-फुलं चघळू देऊ नका. टेकड्यांवर गुलाबी फुलं येणाऱ्या ग्लिरिसिडियाला उगीच उंदीरमारी म्हणत नाहीत, त्याचीही साल-बिया तोंडात घालू देऊ नका.

गोचीड आता वाढते. घरी आल्यावर रोज दोन मिनिटं हात फिरवा, बोटांच्या बेचक्यांत, काखेत, शेपटीच्या मुळाशी, पट्ट्याखाली, आणि कानाच्या बाहेरच्या कडेला कातडीची एक छोटी खिशासारखी घडी असते त्यात. तिथे बोट घातलं की मसुराएवढं काहीतरी टणक लागतं आणि केस बाजूला केले की राखाडी टम्म गोचीड दिसते. चिमट्याने कातडीलगत पकडून सरळ ओढा, रॉकेल ओतू नका, चटका देऊ नका, बोटाने चिरडू नका, स्पिरिटमध्ये टाका. टिक फीव्हरमध्ये, म्हणजे गोचीडीमुळे होणाऱ्या तापात, कुत्रा आधी मलूल होतो, खाणं सोडतो, चालायला नको म्हणतो, हिरड्या फिक्या पडतात, क्वचित नाकातून रक्त येतं. म्हणजे कालपर्यंत आनंदाने येणारा कुत्रा आज बाहेर यायला नको म्हणाला तर त्याला हट्ट समजू नका, ताप बघा, कुत्र्याचं नॉर्मल १०१ ते १०२.५ फॅरनहाइट असतं. गोचीडीची गोळी किंवा मानेवर टाकायचं औषध डॉक्टरांना वजन सांगूनच घ्या. घरातली पॅरासिटामॉल किंवा आयब्युप्रोफेन कधीही देऊ नका, विष आहे.

मग सण. धुळवडीला आणि रंगपंचमीला उजाडायच्या आत एक छोटी चक्कर आणि मग दिवसभर घरात, फुगे आणि पिचकाऱ्यांनी महिनाभराची मेहनत एका मिनिटात वाया जाते. रंग पडलाच तर आधी कोरडा झटका, मग कुत्र्याच्या शाम्पूने कोमट पाण्यात धुवा, चाटू देऊ नका. पाडव्याच्या शोभायात्रांचा ढोल-ताशा, लग्नांच्या वराती, एप्रिलमधल्या मिरवणुका, यांचे रस्ते आणि वेळा आधी माहीत असतात, त्याप्रमाणे तुमची वेळ हलवा.

कधी मदत घ्यायची

महिना-दीड महिना हे सगळं शांतपणे करूनही तो गेटबाहेर खाऊ घेतच नसेल, बाहेर नेल्यावर शी-शू पूर्ण रोखून धरत असेल, घरी आल्यावरही तासन्‌तास थरथरत असेल, किंवा उचलताना तुम्हाला चावत असेल तर प्राण्यांच्या वर्तनाची माहिती असलेल्या पशुवैद्यकांना भेटा. भीती कमी करणारी औषधं असतात, ती घेतल्याने कुत्रा गुंगीत पडून राहतो असं नाही, काही कुत्र्यांना शिकता येण्याइतकं शांत व्हायला ती लागतात आणि त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. ट्रेनर निवडताना एकच प्रश्न विचारा, कुत्रा बसला तर तुम्ही काय करता. उत्तरात झटका, चोक चेन म्हणजे ओढली की गळा आवळणारी साखळी, "बॉस कोण ते दाखवायचं" असं काही आलं तर तिथे जाऊ नका.

मे महिना लागला की सकाळच्या साडेसहापर्यंतची एकच चक्कर ठेवा, संध्याकाळची गच्चीवर किंवा पार्किंगमध्ये रात्री नऊनंतर, फरशी गार झाली आहे हे हाताने बघून. मध्ये खंड पडला तर पावसाळ्याआधी परत पन्नास पावलांपासून सुरू करा, या वेळी त्याला वाट आठवत असते त्यामुळे फार दिवस लागत नाहीत.